शेवटची तारीख

"शेवटची तारीख?"
पहिला प्रश्न हाच.

मी कुंडईच्या कारखान्यात रात्रपाळीला
गोळ्यांच्या पट्ट्या तपासते, दहा-दहाच्या.
एक खळगा रिकामा दिसला तरी
मशीन थांबतं, लाल दिवा लागतो.
वर्षभरात एकही पाळी चुकवली नाही,
सुपरवायझरला विचारा.
दुसरी चुकली, सलग तीनदा,
तर कुठेच काही वाजलं नाही.

फोंड्याचं इस्पितळ, सोमवार, नंबर एकोणतीस.
आई शेजारी, मांडीवर डबा.
तिने रात्रीच बजावलेलं,
विचारतील तेवढंच सांग,
आपणहून घर उघडायचं नाही.

डॉक्टर एस्पेरांसा कुतिन्हो यांनी आधी दार लोटलं.
"माय, तुमी मात्शें भायर बसात."
आई बाहेर बसली.
बाहेर बसायची तिला सवय आहे.

"दिवस राहिल्याची शक्यता?"
कळूनही मी म्हटलं, कसली?
मग म्हटलं, आहे.
इतक्या हळू, की पंख्यालाच ऐकू गेलं असेल.
पेनाने एक बरोबरची खूण केली
आणि ते पुढच्या ओळीवर गेलं.
आठवडाभर माझ्या डोक्यात भरलेली कचेरी
तेवढ्या खुणेत उठली.

छोटी बाटली. कडी न लागणारं संडासाचं दार,
एक हात दाराला, एक बाटलीला.
पट्टीवर एक रेघ आली.
दुसरीची मी वाट पाहिली,
ती आली नाही,
आणि सुटल्यासारखं वाटताना
आत काहीतरी किंचित रुसलं. ते मी सांगितलं नाही.

मग वजन. मग झोप.
जेवतेस कधी? रात्री तीनला, उभ्याने.
डोकं दुखतं का, छातीतून पाण्यासारखं काही येतं का,
हनुवटीवर केस?
दोन आहेत. बसच्या आरशात उपटते.
त्या हसल्या, लिहून घेतलं.

"आईची कधी थांबली?"

मला माहीत नव्हतं.
दार किलकिलं करून विचारलं.
अख्खा बाक कान देऊन.
आईने डब्याचं झाकण घट्ट दाबलं,
ते आधीच घट्ट होतं.
"अडतिसाव्या."

अडतिसाव्या म्हणजे मी दहावीत.
पण मी तर बारावी होईपर्यंत बघत होते तिला
मागच्या पडवीत, महिन्याचे चार दिवस,
घोंगडीवर, पाठ भिंतीला,
समोर कुळागरातल्या पोफळी.
"मग ते चार दिवस?"
"गप."
आणि नर्सने तीस नंबर पुकारायच्या आत, डब्याकडे बघत,
"तेवढेच मला कुणी हाक मारत नव्हतं.
पाहुणे कधी येणार ते बघून धरायचे तारीख."

आत डॉक्टरांनी ३८ लिहिलं, भोवती गोल काढला.
रक्त द्यायचं, थायरॉईड आणि आणखी तीन नावं.
सोनोग्राफीला लिटरभर पाणी पिऊन ये,
धरून ठेव, हसू नकोस.
"कारणां जायतीं आसतात गो. सगळींच वायट नासतात.
भियेवं नाका.
आणि गुरुवारी आईलाही आण.
इतक्या लवकर थांबली तर हाडं बघून घ्यावीत."

कदंबच्या बसमध्ये आई खिडकीकडे.
बांदोडा गेलं, तरी बोलली नाही.
मग म्हणाली, गुरुवारी तुझ्या आजीला काय सांगायचं?
मी म्हटलं, सांग, अडचण आहे.

"पन्नाशीत?"
आणि तोंडाला पदर लावून
ती इतकी हसली
की पुढच्या सीटवरची बाई वळून बघू लागली.
डबा उघडला. दोघींत दोन घावणे,
गार, कडेला थोडे कडक.